आधी यादी की आधी कथा?

7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी, सहा वाजून गेल्यावर, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ईटन कॅन्यनपाशी वणवा पेटला. त्याच दिवशी सकाळी समुद्राकडच्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये दुसरा पेटलेला होताच. आदल्या मे महिन्यापासून तिथे पाऊस म्हणावा असा पडलाच नव्हता. त्यातच वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारे सांता आना वारे त्या रात्री काही ठिकाणी ताशी 80 मैलांच्या वर गेले, त्यामुळे आगीवर पाणी टाकणारी विमानंही जमिनीवरच थांबली. 31 जानेवारीला दोन्ही आगी पूर्ण आटोक्यात आल्या. तोवर 16,000 हून अधिक बांधकामं जळाली होती. त्यातली 9,400 च्या आसपास एकट्या ईटनच्या वणव्यात, बहुतेक अल्टाडीना या गावात. दोन्ही आगींतल्या मृतांची संख्या पुढे 30 च्या वर गेली.

अल्टाडीना हे चित्रकार, वादक आणि लेखक यांचं गाव. पॅसाडीनाला लागूनच, पण स्वतःची नगरपालिका नसलेलं. एकेकाळी कृष्णवर्णीय कुटुंबांना शहरात इतरत्र घर विकत घेणं अशक्यप्राय होतं, तेव्हा त्यांनी इथल्या पश्चिम भागात घरं घेतली आणि पिढ्यान् पिढ्या टिकवली. वणव्याच्या रात्री या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा आदेश पहाटे तीननंतर मिळाला. अल्टाडीनातले बहुतेक मृत्यू त्याच बाजूला झाले. शेजारच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या दीडशेहून अधिक कर्मचाऱ्यांची घरं गेली.

ज्यांचं काहीच जळलं नाही, त्यांच्यापुढे एक वेगळाच पेच होता. मित्र मोटेलमध्ये, मैत्रीण कुणाच्या तरी गॅरेजवरच्या खोलीत, आणि आपण आपल्या टेबलाशी कादंबरीचं सातवं प्रकरण लिहितोय. हे चालतं का? पुढचा संवाद या प्रश्नावर रचलेला आहे. त्यातली मावशी आणि भाचा कोणी एक खरी माणसं नव्हेत, पण घटना, आकडे आणि पुस्तकं खरी आहेत. भाचा पॅसाडीनात नोकरी करतो, मराठीत विनोदी कादंबरी लिहितो आणि तिथल्या एका लेखकगटात जातो. त्या गटातल्या काहींची घरं अल्टाडीनात होती. मावशीची हयात मुंबईत सर्वसाधारण विम्याचे दावे तपासण्यात गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे कित्येक महिने तिनं भिजलेल्या फायलींत काढलेले. सध्या ती लेकीकडे, जवळच्याच आर्केडियात राहते.

"अजून लिहितोयस?" मावशीनं विचारलं. तिच्या प्रश्नांना सहसा उत्तर नको असतं.

"पहाटे पाच ते सात. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं काय उरलंय आता? ती तुझी मैत्रीण, कविता लिहिणारी, तिच्याकडे आज बसायला टेबल नाही. आणि तू डोंबिवली लोकलमधल्या मारामारीवर विनोद करतोयस. घरात सूतक असताना देवाची पूजासुद्धा थांबते रे."

"दहा दिवस थांबते, मावशी. तेराव्याला गोडाचं होतं आणि माणसं कामाला लागतात. या सुतकाचा तेरावा कधी धरायचा?"

मावशीकडे त्याचंही उत्तर होतं, आणि तेही कायद्यातलं. कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत घर गेलं, तर पर्यायी निवाऱ्याचा खर्च विमा कंपनीला किमान 24 महिने द्यावा लागतो. अर्थात पॉलिसीत त्यासाठी जेवढी रक्कम असेल तेवढ्यातच. योग्य कारण असेल तर मुदत आणखी वाढते. "म्हणजे सरकारी हिशेबानंसुद्धा हे दोन वर्षांचं दुखणं आहे," ती म्हणाली.

"मग मी दोन वर्षं लेखणी खाली ठेवू?"

"तसं म्हणाले का मी? मी म्हणते, आधी तिची यादी लिही."

यादी म्हणजे काय, हे ज्यांच्यावर ती वेळ आलेली नाही त्यांना पटकन कळत नाही. घर जळालं की घराचा दावा वेगळा आणि घरातल्या सामानाचा वेगळा. सामानाची पूर्ण रक्कम हवी असेल तर प्रत्येक वस्तू लिहून द्यायची असते. वस्तू कोणती, किती वर्षांपूर्वीची, तेव्हा किती पैसे पडले, आज नवी घेतली तर कितीला पडेल, हे सगळं. चमचे किती, उशांचे अभ्रे किती, कपाटामागे ठेवलेली शिवणयंत्राची पेटी कोणत्या वर्षीची? ज्याला काल काय जेवलो तेही आठवत नाही, त्याला ही उत्तरं द्यायची असतात. राज्याच्या तेव्हाच्या कायद्यानं अशा आपत्तीत यादी न मागता घराच्या विमारकमेच्या 30 टक्के, कमाल अडीच लाख डॉलरपर्यंत, द्यावेच लागत. त्यावरचं हवं असेल तर लिहा. वणव्यानंतर या जाचावर इतका आरडाओरडा झाला की ऑक्टोबर 2025 मध्ये नव्या कायद्यावर सही झाली. त्यात सामानाच्या विम्याचे 60 टक्के, कमाल साडेतीन लाख डॉलरपर्यंत, यादीविना देण्याची तरतूद आहे. त्या कायद्याला नावच पडलं ते 'यादी हटवा' अशा अर्थाचं. मात्र ज्यांच्यामुळे तो झाला, त्यांची जानेवारीची यादी काही सुटली नाही.

"सव्वीस जुलैनंतर आमच्याकडे दावे यायचे," मावशी सांगू लागली. "त्यात 'घरगुती सामान' एवढाच शब्द आणि पुढे एक गोल आकडा. तो दावा अडकायचा. एक बाई मात्र आपल्या धाकट्या दिराला घेऊन आली. तो तिला विचारत होता, वहिनी, ओट्याच्या डाव्या हाताला काय होतं? वरच्या फळीवर? दिवाळीचे डबे कुठे असायचे? चार पानं भरली तिनं. सगळं आठवलं. तुम्ही लेखक लोक तेच करता ना? पात्राच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या मोजता. मग हिच्या मोज."

भाचा गप्प राहिला. इथे मावशीचा मुद्दा निर्विवाद आहे. लेखकाजवळ पैसा नसेल, बांधकामाचं ज्ञान नसेल, पण माणसाला बोलतं करून तपशील काढून घेणं हे त्याचं रोजचं काम. आपत्तीनंतरच्या कागदांना नेमकं तेच लागतं. संकटात शब्दांचा काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दाव्याचा फॉर्म पाहावा.

पण भाच्याचीही बाजू होती, आणि ती नुसत्या सबबीची नव्हती.

"समजा, मी यादी लिहिली. शनिवार-रविवार तिच्यासोबत बसलो. तरी पहाटेचे दोन तास उरतात. त्या वेळी मी झोपलो तर चालतं, धावायला गेलो तर चालतं, कचेरीची ईमेल पाहिली तर फारच चांगलं. फक्त लिहिलं तर पाप?"

"कारण त्यात तुला मजा येते."

"ग्रॅमीचा सोहळा आठव. वणवा आटोक्यात आल्याचं जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी, 2 फेब्रुवारीला, त्याच शहरात झाला. रद्द करा म्हणणारे होते. पण सोहळा झाला, त्यातून मदतनिधी उभा राहिला. आणि सुरुवातीला मंचावर कोण आलं? डॉज नावाचा बँड. त्यातल्या एका भावाचं अल्टाडीनातलं घर गेलेलं, दुसऱ्याचा स्टुडिओ. थांबा म्हणणारे होते ते बहुतेक बाहेरचे, मावशी. ज्यांचं गेलं ते वाजवायला उभे राहिले."

"ते त्यांचं दुःख, त्यांचं गाणं. तुझं काय गेलंय?"

हा खरा घाव. शेजाऱ्याचं घर जळत असताना त्या उजेडात आपली ओळ लिहून घेणारा लेखक ही काही कल्पनेतली व्यक्ती नाही, तो प्रत्येक लेखकाच्या आत असतो. भाच्याच्या वहीत मैत्रिणीचं एक वाक्य उतरवलेलं होतं, राखेत सापडलेल्या एका वस्तूबद्दलचं. ते इथे देत नाही, आणि मावशीनंही ते वाचू दिलं नाही.

"ते खोड," ती म्हणाली. "घर जळालं, फोटो जळाले. आता तिच्या हातात एवढी एक गोष्ट आहे, जी फक्त तिची आहे. ती तू आधी छापलीस तर ती तीही गमावेल."

त्या दिवसांत अल्टाडीनात घराघरांपुढे 'अल्टाडीना विक्रीला नाही' अशा पाट्या लागल्या होत्या. राख थंड होण्याआधीच जमिनीला भाव सांगायला माणसं आली होती, त्यांच्यासाठी. मावशीला ती पाटी फार आवडे. गोष्टींनाही ती लागू करायची तिची तयारी होती.

यावर भाच्यानं ब्रायन फीझचं नाव काढलं. ऑक्टोबर 2017 मध्ये कॅलिफोर्नियातच सांता रोझा शहरावर टब्सचा वणवा आला. 22 माणसं गेली, 5,600 हून अधिक बांधकामं जळाली. फीझ हा चित्रकथाकार. त्याचं घर गेलं, त्याबरोबर कागद-रंगही गेले. त्यानं दुकानातून साधी मार्कर पेनं आणि हलका कागद आणला आणि काही दिवसांतच घराच्या जळण्याची चित्रकथा काढून लोकांसमोर ठेवली. 2019 मध्ये तिचं पुस्तक झालं.

"त्याचं घर होतं," मावशी पुन्हा म्हणाली.

"हो. पण पुस्तकात शेजारपाजारच्या लोकांच्याही कहाण्या आहेत. त्यांच्याशी बोलून घेतलेल्या, त्यांच्या म्हणून सांगितलेल्या."

"कधी घेतल्या? आग लागली त्या आठवड्यात?"

"पुस्तक होताना. नंतर."

"मग माझंच म्हणणं सांगतोयस."

वादात अशा जागी दोघंही जिंकतात आणि दोघांनाही ते आवडत नाही.

भाच्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र साहित्यातला नव्हता. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील हिच्यासोबत 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांनी आपल्या मनावरच्या सगळ्यात मोठ्या आघाताबद्दल चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, आघात आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. हा प्रयोग सगळेच सांगतात, लेखनशिबिरांच्या पत्रकांत तर तो छापलेलाच असतो. पेनेबेकरचं दुसरं काम त्या मानानं कमी माहीत आहे, आणि इथे तेच जास्त उपयोगी. कॅलिफोर्नियातल्या 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर त्यानं पाहिलं की पहिले दोन-तीन आठवडे लोक भूकंपाबद्दल सारखे बोलतात. मग बोलणं घटतं, पण मनातले विचार घटत नाहीत. या दुसऱ्या टप्प्यात लोकांना स्वतःची हकिकत सांगायची असते, दुसऱ्याची ऐकायची नसते. तुमचा भूकंपाचा अनुभव आम्हाला सांगू नका, अशा अर्थाचे टी-शर्टसुद्धा तेव्हा निघाले होते.

"बघ," भाचा म्हणाला. "तीन आठवड्यांनी जग ऐकायचं थांबतं. कचेरीत थांबलं, दुकानात थांबलं. आमच्या गटाच्या बैठकाच मी बंद केल्या, तर ती तिचं कुठे वाचणार? तिला लिहायचं असेल तेव्हा लिहिणारी माणसं आजूबाजूला लागतील. आणि लिहिणारी माणसं लिहीत राहिली तरच ती लिहिणारी राहतात."

मावशी पहिल्यांदाच जरा थांबली. "ती वाचते का पण? सध्या?"

"नाही. येते, बसते. आमचं ऐकते. परवा माझ्या लोकलच्या मारामारीवर हसली."

"हसली?"

"मोठ्यानं. मग म्हणाली, तिसरं पान लांबलंय."

या शेवटच्या तपशिलाला महत्त्व द्यायला हवं. घर गेलेल्या माणसाला लोक एकाच भूमिकेत बसवतात, मदत घेणाऱ्याच्या. त्याच्यापुढे कोणी चूक करत नाही, कोणी कुरकुर करत नाही, कोणी सल्ला मागत नाही. तिसरं पान लांबलंय, हे सांगण्याचा तिचा अधिकार आगीत जळालेला नव्हता. पण तिच्यापुढे कोणी काही वाचलंच नसतं, तर तो वापरायचा कुठे?

कॅलिफोर्नियाच्या साहित्यात हे घडून गेलेलं आहे. 20 ऑक्टोबर 1991 ला ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा आला, 25 माणसं गेली. मॅक्सिन हाँग किंग्स्टन ही चिनी-अमेरिकी लेखिका त्या दिवशी वडिलांच्या उत्तरक्रियेहून घरी परतत होती. तिचं घर गेलं आणि नव्या कादंबरीचं एकमेव हस्तलिखितही गेलं, दीडशेवर पानांचं. एकटीनं पुन्हा तेच लिहायला बसणं तिला नको होतं. 1993 पासून तिनं युद्धातून परतलेल्या सैनिकांना जमवून त्यांच्यासोबत लिहायला सुरुवात केली. त्या जळालेल्या पुस्तकाच्या जागी 2003 मध्ये वेगळंच पुस्तक आलं. त्यात आगीची हकिकत आहे आणि त्या सैनिकांच्या लेखनशाळेचीही. 2006 मध्ये सैनिकांच्या लिखाणाचा संग्रह तिनं संपादित केला. आगीपासून त्या पुस्तकापर्यंत बारा वर्षं गेली. मधली बरीच वर्षं ती दुसऱ्यांच्या लिहिण्याला जागा करून देत होती, आणि तिच्या आजूबाजूला लिहिणारी माणसं होती.

भाच्यानं आल्डस हक्सलीही आणला. मे 1961 मध्ये हॉलिवूडच्या टेकडीवरचं त्याचं घर जळालं, ग्रंथसंग्रह गेला, पत्रं गेली. 'आयलंड'चं हस्तलिखित वाचवलं, पत्नीचं व्हायोलिन वाचलं, आणि पुढच्या वर्षी कादंबरी बाहेर आली. मावशीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. मोठ्या लेखकांचं ठीक असतं, त्यांची यादी दुसरं कोणी लिहितं, असं ती म्हणाली. हे हक्सलीवर अन्यायाचं असेल, पण उदाहरण खरंच पोकळ आहे. स्वतःचं हस्तलिखित वाचवणं आणि मित्राच्या राखेशेजारी लिहीत राहणं या दोन निराळ्या गोष्टी.

कागदाचं नुकसान किती झालं, यावर दोघांचं एकमत होतं. संगीतकार आर्नॉल्ड शोनबर्गच्या रचना प्रकाशित करणाऱ्या संस्थेच्या सुमारे एक लाख स्वरलिप्या पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये जळाल्या. मूळ हस्तलिखितं व्हिएन्नात होती म्हणून वाचली. लेखक गॅरी इंडियाना ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याचा खासगी ग्रंथसंग्रह अल्टाडीनातल्या एका घरी पोचला तो नेमका 7 जानेवारीलाच, आणि त्याच वणव्यात गेला. असं कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं जुळवून आणलंय म्हणून कापलं असतं.

आणि या सगळ्यात ऑक्टेव्हिया बटलर. जन्म पॅसाडीनाचा, 1947 चा. समाधी अल्टाडीनाच्या दफनभूमीत. तिची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी 1993 मध्ये आली. तीत एक मुलगी डायरी लिहिते, डायरी सुरू होते जुलै 2024 मध्ये, आणि दक्षिण कॅलिफोर्निया आगींनी होरपळत असतो. वणव्यानंतर सगळ्यांनी ही कादंबरी भविष्यवाणी म्हणून सांगितली. या लेखाला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते पॅसाडीनातलं 'ऑक्टेव्हियाज बुकशेल्फ' हे पुस्तकांचं छोटं दुकान. बटलरच्या नावानं 2023 मध्ये सुरू झालेल्या या दुकानानं जानेवारीच्या त्या दिवसांत पुस्तकं बाजूला सारून पाणी, डायपर, कपडे, साबण मांडले. लोक तिथे फोन चार्ज करायला येत. मग गरज ओसरली तशी पुस्तकं पुन्हा मांडली गेली.

"हे मला पटतं," मावशी म्हणाली. "आधी पाणी, मग पुस्तक."

"दुकानाचं दार मात्र उघडंच होतं, हेही पटू दे."

या वादात कौल द्यायचाच तर तो असा. लिहिणं थांबवण्यानं घर गेलेल्या कुणाला एक वीटही मिळत नाही. थांबणारा आपल्या अपराधी भावनेचीच सोय पाहतो. इथे मावशी चुकते. पण मित्राच्या आपत्तीला आपल्या वहीचा कच्चा माल करणं, आणि तोही त्याच्या आधी, हे सहानुभूतीच्या नावाखाली चालणारं अतिक्रमण आहे. इथे भाच्याला खोडरबर घ्यावाच लागतो. आपलं लिखाण आपल्या विषयावर चालू ठेवावं. मित्राची गोष्ट मित्र सांगेल तेव्हा, सांगेल तितकी, विचारून घ्यावी. त्यानं कधीच सांगितली नाही तर कधीच लिहू नये. दिवसातले दोन तास कादंबरीचे असतील, तर आठवड्यातले काही तास यादीचे असावेत. ही तडजोड नाही, दोन्ही कामं एकाच कौशल्याची आहेत.

मावशी त्यानंतर भाच्याबरोबर मैत्रिणीकडे जाऊ लागली. विम्याची भाषा तिला येते, इंग्रजी थोडी अडखळते, म्हणून प्रश्न ती सांगते आणि भाचा विचारतो. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली लिहून झाली आहे. पुस्तकांची खोली मैत्रिणीनं शेवटी ठेवायला सांगितली आहे, कारण तिथली प्रत्येक वस्तू ती स्वतः लिहिणार आहे. भाच्याची कादंबरी पंधराव्या प्रकरणावर आहे आणि तीत वणवा नाही.

लॉस एंजेलिस परिसरातल्या मराठी वाचकांना, लिहिणाऱ्यांना विशेषतः, एक विनंती. पर्यायी निवाऱ्याच्या खर्चाची 24 महिन्यांची ती मुदत जानेवारी 2027 मध्ये पुरी होते. मुदतवाढीचे अर्ज, भाड्याच्या पावत्या, राहिलेल्या याद्या यांची गर्दी त्या सुमारास सगळ्यात जास्त असेल. तोवर ऐकणारे कान बहुतेक पांगलेले असतील. ओळखीत कोणी असेल तर त्यांना आत्ताच फोन करा, कोणता वार सोयीचा आहे ते विचारा आणि वही-पेन घेऊन जा.